तीच तक्रार, नवं नाव: दुकानाच्या पेजवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या कमेंटचं काय करायचं

गिऱ्हाईकाची तक्रार आली, पेजवरून माफी मागितली, वस्तू बदलून दिली, प्रसंगी पैसेही परत केले. पंधरवडा जातो आणि दुसऱ्याच कुणाच्या नावानं तीच तक्रार, जवळपास त्याच शब्दांत, कमेंटमध्ये हजर. कोल्हापुरातल्या ज्या दुकानांची आणि खाण्याच्या ठिकाणांची पेजं मी सांभाळतो, त्या सगळ्यांना या ना त्या रूपात हा त्रास आहे. चप्पलवाले, मिसळवाले, गूळवाले, कुणीही त्यातून सुटलेलं नाही. मालक मग दोनपैकी एक करतात. एक तर कमेंट बंद करून टाकतात, नाहीतर रात्री शटर ओढल्यावर दमलेल्या डोक्यानं एकेकाला उत्तर द्यायला बसतात. तक्रार दोन्हींनी थांबत नाही. कुठं हात घातला की ती थांबते, ते सांगतो.

आधी तक्रार कुठली ते ओळखा

गुगल मॅपवरचे रिव्ह्यू सगळ्यात नवीन आधी या क्रमानं लावा. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरच्या गेल्या तीन महिन्यांच्या कमेंट एका बैठकीत वाचा. कागद-पेन हाताशी ठेवा आणि प्रत्येक नाराज कमेंटसाठी एकच शब्द लिहा: वस्तू, वेळ, वागणूक, किंमत, किंवा ‘आपल्याशी संबंध नाही’. स्टार किती दिले, भाषा किती कडक आहे, बोलणारा कोण आहे, हे तूर्त बाजूला ठेवा.

मालकाच्या मनात जी कमेंट रुतून बसलेली असते ती सगळ्यात झोंबलेली असते. सगळ्यात जास्त वेळा आलेली असतेच असं नाही. एका मिसळवाल्या काकांना ‘चव पहिल्यासारखी राहिली नाही’ ही कमेंट झोप लागू देत नव्हती. कागदावर मात्र ‘वेळ’ हाच शब्द खाली खाली उतरत गेला. तासभर उभं केलं, आमच्या मागून आलेल्यांना आधी बसवलं, पुण्यावरून आलो आणि दारात आल्यावर संपलं म्हणाले. चवीबद्दल एकटा माणूस बोलला होता, आणि पेजवरची सगळी उत्तरं चवीची बाजू मांडत होती. वेळेबद्दल बोलणाऱ्यांना ‘धन्यवाद, पुन्हा भेट द्या’ एवढंच मिळालं होतं. ते लोक चिडले तर त्यांचं काय चुकलं?

पुन्हा येण्याचं कारण

आपल्याकडच्या धंद्यात मोबाइल एकाकडे, गल्ला दुसऱ्याकडे आणि माल बनवणारे हात तिसरीकडे अशी मांडणी असते. पेज पुतण्या बघतो किंवा माझ्यासारखा बाहेरचा माणूस बघतो. काउंटरवर काका असतात. चप्पल बनते सुभाषनगर-जवाहरनगरकडे कारागिराच्या घरात, गूळ बनतो गुऱ्हाळावर. तक्रार येते मोबाइलवर आणि ‘झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व, कृपया इनबॉक्समध्ये संपर्क करा’ या वाक्यापाशी संपते. काकांपर्यंत ती पोचत नाही, कारागिरापर्यंत तर कधीच नाही. पुढचं गिऱ्हाईक तोच दोष असलेली तीच वस्तू घरी घेऊन जातं आणि तीच कमेंट लिहितं. पेजवरचं उत्तर कितीही नम्र आणि कितीही लवकर दिलेलं असो, त्यानं हे चक्र थांबत नाही.

म्हणून मी प्रत्येक ठिकाणी पहिली वस्तू मागतो ती वही. गल्ल्यापाशी राहणारी, कागदाची. रकाने चारच: तारीख, तक्रार कुठं आली, तक्रार काय, आणि आपण काय बदललं. पेज बघणाऱ्यानं रोज संध्याकाळी त्या दिवसाच्या तक्रारी वहीत उतरवायच्या किंवा फोनवर सांगून उतरवून घ्यायच्या. दुकानात तोंडी आलेली तक्रारही त्याच वहीत. आणि एक नियम कटाक्षानं पाळायचा: चौथा रकाना भरल्याशिवाय ‘पुढच्या वेळी असं होणार नाही’ हे वाक्य पेजवर लिहायचं नाही. काहीच बदललेलं नसताना ते वाक्य लिहिलं की पुढची तक्रार करणारा माणूस त्याचाच स्क्रीनशॉट लावतो.

चप्पल: पावसाळा आला की

कोल्हापुरी चपलेच्या पेजवर जूनपासून ठराविक कमेंट येतात. ‘भिजली आणि फुगली.’ ‘आठ दिवस घातली नाही तर बुरशी आली.’ ‘पायाला रंग लागतोय.’ एकानं लिहिलं होतं, ‘चप्पल हाय का पुठ्ठा?’ आता कारागिराला विचारा, तो शांतपणे सांगेल की बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं पाणी पितं, ते चिखलात घालायचं नसतं. हे ज्ञान कोल्हापुरातल्या आजोबांना आहे. नाशिकहून किंवा बेंगळुरूहून ऑनलाइन मागवणाऱ्या पंचविशीतल्या मुलीला ते असण्याचं कारण नाही, आणि तिला ते कुणी सांगितलेलंही नसतं.

अशा वेळी पेजवरून हमखास जाणारं उत्तर म्हणजे ‘मॅडम, तुम्ही पावसात वापरली असेल, ही तुमची चूक आहे.’ तांत्रिकदृष्ट्या ते खरं असेल. पण खोक्यात तसं लिहिलेलं नव्हतं, फोटोखाली लिहिलेलं नव्हतं, पैसे घेताना कुणी विचारलं नव्हतं. सांगायला हवं होतं ते दुकानानं, आणि ते विकण्याच्या आधी.

दुरुस्ती अशी करा. मेअखेरीलाच प्रत्येक चपलेच्या पोस्टवर आपलीच एक कमेंट लिहून ती वर पिन करा. इन्स्टाग्रामवर एका पोस्टवर तीन कमेंट पिन करता येतात. मजकूर साधा असू द्या: ‘ही चप्पल पावसात वापरू नका. भिजली तर सावलीत वाळवा, उन्हात किंवा शेगडीजवळ नको. पावसाळाभर ठेवायची असेल तर तेलाचा हात फिरवून कागदात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा.’ हाच मजकूर छापून खोक्यात टाका. व्हॉट्सॲप बिझनेसवर तो क्विक रिप्लायमध्ये साठवून ठेवा, म्हणजे ऑर्डर घेतानाच पाठवता येईल. आणि जून ते सप्टेंबर ऑर्डर घेताना विचारा, कधी घालणार आहात? ‘रोज ऑफिसला’ असं उत्तर आलं तर सरळ सांगा, आत्ता घेऊ नका, दसऱ्याला घ्या. एक विक्री जाते, हे मला माहीत आहे. ते सांगणाऱ्या दुकानावर त्या माणसाचा जो विश्वास बसतो तो कुठल्याही जाहिरातीनं बसत नाही.

‘नवी चप्पल चावते’ ही दुसरी कायमची तक्रार. इथंही तेच: कातडं पायाचा आकार घेतं, सुरुवातीला घट्टच वाटतं, रोज थोडा थोडा वेळ घालून पायाला बसवावी लागते. हे विकताना सांगितलं तर ती माहिती असते, तक्रार आल्यावर सांगितलं तर तीच सबब वाटते.

टाके उसवले, वादी तुटली, अंगठा निघाला, या तक्रारींना मात्र असलं कुठलंही स्पष्टीकरण देऊ नका. तो कामातला दोष आहे. जोड परत घ्या, कुणी बनवलेला आहे ते पाहा, कारागिराला तो जोड हातात द्या. तुटलेला टाका स्वतः पाहिला की कारागीर जे सुधारतो, ते फोनवरच्या ओरडण्यानं सुधारत नाही.

मिसळ: गर्दी आणि तिखट

नवरात्र, जोडून आलेल्या सुट्ट्या, जोतिबाची यात्रा. या दिवसांत बाहेरगावची मंडळी अंबाबाईचं दर्शन घेतात आणि नाष्ट्याला येतात. नाराज रिव्ह्यूंचा ढीग त्या पाठोपाठच्या सोमवारी पडतो. लोकांना थांबण्याचा राग कमी असतो आणि किती थांबायचं ते कुणी न सांगण्याचा जास्त असतो. सकाळी सातलाच स्टोरी टाका: आज गर्दी आहे, अमुक वाजेपर्यंत रस्सा पुरेल, लहान मुलं बरोबर असतील तर लवकर या. गुगलवर सणांच्या दिवसांची वेगळी वेळ टाकता येते, ती टाका. संपलं की लगेच स्टोरीवर ‘आजचं संपलं’ लिहा. दारात नावांची यादी आणि एक माणूस ठेवा, ज्याचं काम फक्त नाव पुकारणं. यातली निम्मी दुरुस्ती फोनच्या बाहेरची आहे, पण तिचा परिणाम फोनवर दिसतो.

जादा रस्सा, जादा ब्रेड यांचे पैसे लागतात का, हे भिंतीवर लिहा. बिलावरून होणारी भांडणं त्यानं थांबतात.

आता तिखटाचं. गावातला माणूस लिहितो, कट (मिसळीवरचा झणझणीत रस्सा) पुचाट झालाय. मुंबईचा लिहितो, डोळ्यातून पाणी आलं, लहान मुलांनी काय खायचं? दोन्ही कमेंट एकाच दिवशी येतात. अशी तक्रार वहीत लिहा, पण चौथ्या रकान्यात रेसिपी बदलू नका. आवडीनिवडीच्या प्रश्नावर दुकानानं ठाम राहावं असं माझं स्पष्ट मत आहे. ‘आमचा कट तिखटच असतो. कमी हवं असेल तर ऑर्डर देताना सांगा, दही वेगळं मिळतं’ एवढं उत्तर पुरे.

गूळ

गुळाला रंगावरून प्रश्न येतो. पिवळाधमक असेल तर ‘केमिकल घातलंय’, काळपट असेल तर ‘जुना आहे’. इथं घाईघाईनं ‘शंभर टक्के केमिकलमुक्त’ लिहू नका. कुठल्या गुऱ्हाळावरचा, मळी काढायला भेंडी वापरली की आणखी काही, तपासणी करून घेतली असेल तर तिचा अहवाल, आणि पाकिटावरचा चौदा आकडी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना क्रमांक. जे आहे तेच सांगा. जे केलेलं नाही त्याचा दावा केलात तर पुढचा प्रश्न विचारणारा गिऱ्हाईक नसेल, अन्न प्रशासनाचा अधिकारी असेल. पावसाळ्यात गूळ पाझरतो ही तक्रार चपलेच्या बुरशीसारखीच हाताळा, आधीच सांगून.

‘किंमत इनबॉक्स केली आहे’

सगळ्या पेजांवर सगळ्यात जास्त चिडचीड याच एका वाक्यानं होते. रील सुंदर असते, कोल्हापुरी साजाचा, म्हणजे गळ्यातल्या दागिन्याचा, क्लोजअप सुंदर असतो, खाली पन्नास जण ‘रेट?’ विचारतात आणि पन्नास जणांना तेच वाक्य मिळतं. दुकानदारांची कारणं मला ठाऊक आहेत. शेजारच्या दुकानाला भाव कळू नये, घाऊक गिऱ्हाईकाला वेगळा भाव असतो, सोन्याचा भाव रोज हलतो, आणि कमेंट वाढल्या की पोस्ट जास्त लोकांना दिसते असंही कुणीतरी सांगितलेलं असतं. पण महाद्वार रोडवर दारात उभ्या गिऱ्हाईकानं भाव विचारला तर आपण त्याच्या कानात सांगतो का? लपवलेल्या किमतीचा अर्थ लोक एकच काढतात: माणूस बघून भाव सांगतात.

कॅप्शनमध्येच किंमत लिहा. एकच आकडा शक्य नसेल तर किती ते किती हे लिहा आणि फरक कशानं पडतो ते लिहा. साजासाठी ‘सोन्याचा त्या दिवसाचा भाव अधिक मजुरी’ असं लिहून मजुरीचा दर द्या. चपलेबद्दल ‘ऑनलाइन चारशेला मिळते’ असं म्हणणाऱ्याशी वाद घालू नका. आपल्या जोडाला किती दिवसांचं काम लागतं, कातडं कुठलं, हे दोन ओळींत लिहा आणि थांबा. स्वस्तातली घेणारा ती घेणारच आहे. तुमचं उत्तर वाचणाऱ्या बाकीच्यांना कळलं की पुरे.

उत्तर लिहिताना

तक्रारीखालचं उत्तर तक्रार करणारा एकदा वाचतो. पुढे कित्येक महिने ते वाचतात ते वेगळेच लोक, जे काहीच न लिहिता निघून जातात आणि मग येतात किंवा येत नाहीत. उत्तर त्यांना समोर धरून लिहा. त्यांना तुम्ही जिंकलात का यात रस नसतो. आपल्या बाबतीत असं झालं तर हे दुकान काय करेल, एवढंच त्यांना बघायचं असतं.

सगळ्यात नुकसान करणारं वाक्य: ‘आमच्याकडे आजपर्यंत अशी तक्रार आलेली नाही.’ तीन कमेंट खाली तीच तक्रार असते.

हे बघा, तीन वाक्यांत काय होतं ते: ‘ताई, पंधरा दिवसांत टाके उसवायला नको होते. जोड दुकानात आणून द्या किंवा फोटो आमच्या इनबॉक्समध्ये पाठवा. शिवून देऊ, तेवढ्यानं भागलं नाही तर बदलून देऊ, कुरिअरचा खर्च आमचा.’ यात दोषाचं नाव आहे, पुढं काय होणार ते आहे, खर्च कुणाचा ते आहे. ‘क्षमस्व’ लिहिलेलं नाही तरी माफी पोचते.

संबोधनाकडे लक्ष द्या. कोल्हापुरात ‘भावा’ हा शब्द मायेचा आहे, कौतुकाच्या कमेंटला ‘थँक्यू भावा’ अगदी शोभतं. तक्रारीला ‘भावा, ऐक ना’ असं उत्तर गेलं की समोरच्याला ती दमदाटी वाटते, विशेषतः बाहेरगावच्या माणसाला. तिथं ‘दादा’, ‘ताई’, ‘सर’, आणि क्रियापद ‘तुम्ही’चंच. फोटोवरून वय ठरवून काका-मावशी करू नका. ज्या भाषेत विचारलं त्या भाषेत उत्तर द्या. बेळगाव-हुबळीकडून कन्नडमध्ये प्रश्न आला तर ओळखीच्या कुणाकडून तरी दोन ओळी लिहून घ्या, त्याचं मोल मोठं असतं.

कौतुकाला नुसतं हृदय चालतं. प्रश्नाला नाही.

आपल्या गावात आणखी एक अडचण हमखास येते, ती म्हणजे मालकाची मित्रमंडळी. पेठेतली, तालमीतली पोरं प्रेमापोटी धावून येतात. कुणी तक्रार लिहिली की तिच्यावर ‘हाहा’ची रिॲक्शन देतात, ‘परवडत नसेल तर येऊ नका’ लिहितात, ‘जगात भारी’चा घोष करतात. पाच मिनिटांत साध्या तक्रारीचं गाव विरुद्ध बाहेरचे असं भांडण होतं आणि दोष दुकानाच्या माथी बसतो. मित्रांना फोन करून थांबवा, आणि पेजवरूनही सगळ्यांसमोर लिहा: ‘मित्रांनो, यांची तक्रार रास्त आहे, आम्ही त्यांच्याशी बोलतोय, कृपया इथं कुणी काही लिहू नका.’ हे एक वाक्य तक्रार करणाऱ्याला बहुतेक वेळा निम्मं शांत करतं. नोकरांनाही सांगून ठेवा की आपल्या खासगी अकाउंटवरून दुकानाची बाजू मांडायची नाही.

उत्तर चोवीस तासांच्या आत द्या, पण रात्री देऊ नका. स्वतःच्या वेबसाइटवरून माल विकत असाल तर ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार तक्रार निवारण अधिकारी नेमायचा असतो, त्यानं ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो. ही मुदत वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

गिऱ्हाईकाचा फोन नंबर उघड कमेंटमध्ये मागू नका. तक्रारी शोधत फिरणारे भामटे असतात. ते दुकानाच्या नावाचं आणि लोगोचं खोटं अकाउंट काढतात, त्या नंबरावर ‘रिफंड पाठवतो’ म्हणून लिंक किंवा क्यूआर कोड धाडतात आणि पैसे काढून घेतात. उत्तरातच लिहा की आम्ही कुठलीही लिंक पाठवत नाही. कुणी फसलंच तर त्यांना लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करायला सांगा.

स्टार वाढवण्याचा सोपा रस्ता

‘पाच स्टार द्या, ताक फ्री’ असा बोर्ड काढून टाका. सवलत देऊन रिव्ह्यू घेणं गुगलच्या धोरणात बसत नाही. खूश दिसणाऱ्यांनाच निवडून रिव्ह्यू मागणंही बसत नाही, आणि घरच्यांनी किंवा नोकरांनी लिहिलेले रिव्ह्यूही नाहीत. ऑनलाइन बाजारपेठेवर विकणाऱ्यानं ग्राहक असल्याचं भासवून रिव्ह्यू लिहू नये, असं २०२० चे ई-कॉमर्स नियमही सांगतात. भारतीय मानक ब्यूरोनं ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक काढलं, ते मालकांनी एकदा समजून घ्यावं. क्यूआर कोड टेबलावर लावायचा असेल तर सगळ्यांसाठी लावा आणि काहीही देऊ करू नका.

काय काढायचं, काय ठेवायचं

फेसबुकवर हाइड केलेली कमेंट लिहिणाऱ्याला आणि त्याच्या मित्रांना दिसतच राहते. गुगलवरचा खरा पण कडवट रिव्ह्यू तुम्हाला पटला नाही म्हणून निघत नाही; धोरण मोडलेलं असेल तरच तक्रार करून उपयोग. त्यामुळे तक्रार, ती कितीही टोकदार असो, जागेवर राहू द्या.

शिवीगाळ, बाईमाणसांबद्दल घाणेरडं बोलणं, कुणाचा नंबर किंवा पत्ता टाकणं, हे मात्र काढाच. इन्स्टाग्रामच्या हिडन वर्ड्समध्ये (नको त्या शब्दांच्या कमेंट आपोआप लपवणारी सोय) आणि फेसबुक पेजच्या शब्दयादीत स्वतः शब्द भरा. मराठी शिव्या देवनागरीत आणि रोमन अक्षरांत, आणि रोमनमध्ये चार-पाच स्पेलिंगनी लिहिल्या जातात. तयार फिल्टर त्या पकडत नाही.

चपलेच्या पेजांवर एक गोष्ट मी वारंवार पाहतो आणि ती मला सहन होत नाही. हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चर्मकार समाजानं जपला, आणि किमतीवरून किंवा शिवणीवरून वाद निघाला की कुणीतरी कारागिराच्या जातीवर येतं. याला उत्तर द्यायचं नाही, विनंती करायची नाही, ‘असं बोलू नका’ म्हणत तिष्ठायचं नाही. कमेंटचा आणि प्रोफाइलचा लिंकसह स्क्रीनशॉट घ्या, तारीख-वेळ दिसू द्या, मग कमेंट काढा, अकाउंट ब्लॉक करा, आणि कारागिराशी बोलून, त्याच्या संमतीनं पोलिसांत जा. अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ याचसाठी आहे. पेजवर मागून एकच ओळ लिहा की जातीवाचक कमेंट काढली असून तक्रार केली आहे. आपल्या कारागिराच्या मागं दुकान उभं राहिलं, हे कारागिरानंही वाचलं पाहिजे.

आपल्याशी संबंध नसलेली लाट

२०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, उगमाचा उल्लेख न करता. समाजमाध्यमांवर संताप उसळला आणि आपल्याकडच्या चप्पल दुकानांच्या पेजांवरही कमेंटचा पूर आला. त्या गर्दीत एक चुकीची गोष्ट पुन्हा पुन्हा लिहिली गेली, आणि अजूनही लिहिली जाते: ‘निपाणी-अथणीची ती डुप्लिकेट, कोल्हापूरचीच खरी.’ २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला जे भौगोलिक मानांकन मिळालं ते आठ जिल्ह्यांना मिळून आहे. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर. कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. निपाणी आणि अथणी बेळगाव जिल्ह्यात येतात. अशा कमेंटला दुकानानं लाइक देऊ नये, आपल्या फायद्याची असली तरी. आठ जिल्ह्यांची नावं लिहिलेली आपली कमेंट पिन करावी. रेक्झिनच्या पट्ट्यांवर मशिनचे टाके घालून ‘कोल्हापुरी’ म्हणून विकणाऱ्याला डुप्लिकेट म्हणा, शेजारच्या कारागिराला नको.

त्याच प्रकरणात पुढं काय घडलं ते धंदेवाल्यानं लक्षात ठेवण्यासारखं आहे. प्राडातर्फे लोरेन्झो बर्टेली यांनी महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सला पत्र लिहून प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचं मान्य केलं. जुलैत कंपनीची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटली. डिसेंबरमध्ये महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकचं लिडकर या दोन सरकारी चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. ते पुरेसं आहे का, यावर आपल्याकडं मतभेद आहेत आणि असायलाच हवेत. पण चर्चा पुढं सरकली ती पत्र आलं, माणसं आली आणि करार झाला म्हणून. लाखो कमेंटपैकी एकेकीला उत्तर देऊन ते झालं नसतं.

तरीही थांबत नसेल तर

वही भरते आहे, चौथा रकानाही भरतो आहे, तरी तीच तक्रार येत राहिली तर तीन गोष्टी बघा. ज्या वस्तूबद्दल तक्रार आहे तिची पैसे देऊन चालवलेली जाहिरात अजून सुरू आहे का? असेल तर आजच थांबवा. दोष न काढता जास्त लोकांपर्यंत तीच वस्तू पोचवली तर तक्रारी वाढणारच. जुना माल अजून गोडाऊनमध्ये आहे का आणि तोच आधी जातो आहे का? आणि कमेंट लिहिणारी अकाउंट वेगवेगळ्या माणसांची आहेत का? फोटो नाही, बिल नाही, त्याच दिवशी काढलेलं अकाउंट आणि तोच मजकूर दिसला तर एकदाच शांतपणे लिहा, ‘या नावानं आमच्याकडे बिल सापडत नाही, बिलाचा फोटो पाठवा’, आणि प्लॅटफॉर्मकडे रिपोर्ट करा. वकिलाची नोटीस काढू अशी धमकी पेजवर देऊ नका. नोटीस काढायचीच असेल तर ती वकील काढेल.

दोष खरोखर निघाला, हे कळलं की जुन्या रिव्ह्यूंकडे परत जा. गुगलवर मालकाला आपलं जुनं उत्तर बदलता येतं. ‘क्षमस्व’ काढा आणि काय बदललं ते तारखेसह लिहा: नावांची यादी सुरू केली, जादा रश्शाचा दर भिंतीवर लावला, टाका बदलला. स्टार बदला असं मागू नका. बदलायचे असतील तर लिहिणारा स्वतः बदलेल, तेवढी सोय त्याच्याकडे आहे. ज्यांची वस्तू परत घेतली होती त्यांना मात्र वेगळा मेसेज करून सांगा की तुम्ही सांगितलेला दोष अमुक कारागिराला दाखवला आणि आता जोड असा बनतो, सोबत नव्या टाक्याचा फोटो.